रेघ सरळ झाली का, मामा?

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकही गोष्ट सरळ नाही, अशी आमच्या मामांची ठाम समजूत आहे. मामा खामगावचे गवंडी. खिशात रुमाल नसेल, पण ओळंबा असणारच. माझ्यासाठी मुलगी बघायला मलकापूरला गेलो, तर यांनी पोह्यांची बशी खाली ठेवून भिंतीला ओळंबा लावला आणि जाहीर केलं, "पोरगी लाखात एक हाय, पण भीत दोन सूत बाहेर हाय." भिंत मुलीच्या बापानं स्वतः बांधलेली. मोडलं लग्न! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

असा हा माणूस परांचीवरून पडला, डोक्याला मार लागला आणि एक डोळा जागच्या जागी किंचित फिरला. एकाचं दोन दिसायला लागलं, त्यातलं एक तिरकं. शस्त्रक्रियेनं ते सुधारतं. पण डोळा किती अंश फिरलाय, ते नेमकं कळायला हवं. माप चुकलं तर तिरकं ते तिरकंच राहणार आणि मामांची थापी कायमची खाली. मोजायचं काम माझं, कारण मी पडलो नेत्रतपासनीस. भोगा आता!

चाचणी तशी सोपी. चष्म्याच्या चौकटीत एका डोळ्यापुढे बारीक खाचांची लाल काच, दुसऱ्यापुढे तशीच पांढरी. त्यातून समोरच्या दिव्याच्या दोन रेघा दिसतात. काच फिरवून त्या समांतर करायच्या; काच जितके अंश फिरली, तेच माप.

"रेघ सरळ झाली का, मामा?"

"हाव."

दोन अंश. काचा अदलाबदल केल्या, अकरा. तिसऱ्यांदा शून्य! शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, मापं जुळल्याशिवाय हात लावणार नाही. मी भडकलो. मामा माझ्याहून भडकले.

"माह्यावर काऊन चिडतं बे? तुही काचच वाकडी हाय! चाळीस वर्सं झाले, माहा सूतभर फरक नाही निंगाला!"

मी रागानं चष्म्याची चौकट खसकन ओढली. आत बघतो तर काय, मामांचा उजवा डोळा घट्ट मिटलेला! ओळंबा बघताना गवंडी मिटतो ना, तस्सा. म्हणजे दोन रेघा या गृहस्थानं एकदाही पाहिल्याच नव्हत्या.

"दोन्ही उघडे ठेवा म्हणून घसा फोडून सांगतोय मी! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. पण मामा खाली बघत राहिले.

"दोन्ही उघडे ठेवले तं भिती दोन दिसतात, बापू," ते हळूच म्हणाले. "त्याच्यातली खरी कोणती, मलेच समजत नाही. गवंड्यानं हे कोणाले सांगावं?"

मी चौकट पुन्हा हळूच बसवली. या खेपेला मामांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले. सात अंश आले. काचा बदलून पुन्हा सात.

"जुळलं?"

"जुळलं, मामा."

मामा माझा हात धरून बसून राहिले. सिमेंटनं खरखरीत झालेले ते हात आज खिशातल्या ओळंब्याकडे गेलेच नाहीत.