सोवळ्यात खोचलेलं पिस्तूल

ही हकिगत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आमच्या ओळखीच्या सगळ्यांना तिची दुसरीच आवृत्ती पाठ झाली आहे. त्या आवृत्तीत एक कुकर फुटतो. कुकर कधी फुटलाच नव्हता.

ऐंशीच्या दशकात मी उत्तर आयर्लंडमधल्या एका लहान गावात जीपी होतो. दवाखाना सांभाळून पोलिसांचंही काम करायचो. कोठडीतल्या माणसाला तपासायचं, कुठे प्रेत सापडलं तर जायचं. तिथे त्या काळात पोलिसांशी संबंध असलेला माणूस, मग तो डॉक्टर का असेना, तिथल्या बंदूकधारी गटांपैकी कुणाच्या तरी नजरेत असायचा. मला धमकीचा फोन आला आणि स्वसंरक्षणासाठी एक लहान पिस्तूल बाळगायचा परवाना मिळाला. पुढे लंडनजवळ पिनरला राहायला आल्यावर मी हे कुणाला सांगितलं असतं, तर थट्टाच वाटली असती.

बायकोखेरीज कुणालाही ते ठाऊक नव्हतं. पिस्तूल दिसलं म्हणजे मी कुणाचं काम करतो ते कळलं, आणि मग मी ज्यांच्याकडे चहाला जातो त्यांचं घरही लक्षात ठेवलं जाणार.

मला पिस्तूल चालवायला शिकवणारा पोलीस सार्जंट जाड चामड्याचं होल्स्टर हातात धरून म्हणाला होता, "डॉक्टर, तुमची सेफ्टी ही आहे." ते पट्ट्यात ओवून पँटच्या आत, कुशीला बसायचं. त्यात चाप पूर्ण झाकला जायचा. उघडं पिस्तूल कमरेला कधीच खोचायचं नाही. काढायचं तर होल्स्टरसकट. "आणि निसटलं तर पडू द्या. झेलायला गेलात, तर तुमचंच बोट चापावर जाईल."

"काळजी नको," मी म्हटलं. "झेल सोडण्याबद्दल मी कॉलेजात प्रसिद्ध होतो."

तो हसला नाही.

आसपासच्या गावांतली आम्ही चार-पाच मराठी डॉक्टर कुटुंबं. गणपती बसायचा माझ्या एका मित्राकडे. तो भूल देणारा डॉक्टर होता. त्या वर्षी चतुर्थीच्या सकाळीच त्याला हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा वहिनी, म्हणजे त्याची बायको, मोदकांच्या गडबडीत होत्या.

"भावजी, हे काही दुपारपर्यंत येत नाहीत. पूजेला तुम्हीच बसा. सोवळं आतल्या खोलीत पलंगावर आहे. आणि चामडं अंगावर नको हं. पट्टा, पाकीट, सगळं बाहेर."

मी बरं म्हटलं. होल्स्टरही चामड्याचंच, हे आतल्या खोलीत गेल्यावर लक्षात आलं.

पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग होता आणि पोरं लपाछपी खेळत आतबाहेर करत होती. पिस्तूल तिथे ठेवणं शक्य नव्हतं. पोट बिघडलंय सांगून मला पूजा टाळता आली असती. पण अंगावर चामडं ठेवून पूजेला बसायचं नाही, हे माझ्यात इतकं मुरलेलं होतं, की दुसरा काही विचार सुचलाच नाही. पट्टा आणि होल्स्टर कोटाखाली सरकवलं, रेशमी सोवळं नेसलो आणि उघडं पिस्तूल कमरेशी खोचून वर उपरणं घेतलं. पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका लावलेला आहे अशी माझी समजूत होती.

वहिनी पूजेचं ताट घेऊन दारात आल्या. मी ताट घ्यायला वाकलो. रेशमाची गाठ ती काय! पिस्तूल घसरलं, आणि आयुष्यात सगळे झेल सोडणाऱ्या मी तो एक झेल घेतला.

गोळी वहिनींच्या डाव्या कानाजवळून गेली आणि दाराच्या चौकटीत घुसली. फुलं सगळीकडे पडली. नशिबाने पोरं तेव्हा बागेत होती.

वहिनींनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चौकटीकडे. किंचाळल्या नाहीत. "तुम्हाला लागलं का?" एवढंच विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे धावल्या. मग त्यांचा आवाज ऐकू आला, "काही नाही, काही नाही! मेला कुकर उडाला!"

शेजारची म्हातारी आयरिश बाई घाबरून दारात आली. त्या गावात तसा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. वहिनी कुकरचं झाकण हातात घेऊनच तिला सामोऱ्या गेल्या आणि हसून तिला दोन मोदक देऊन परत पाठवलं.

मग माझ्याकडे आल्या. "ते जिथे असतं तिथे ठेवा. चामडं असू दे. हात धुवा आणि बसा पूजेला. लोक थांबलेत."

मी बसलो. मंत्र कसे म्हटले, आठवत नाही.

माझं पिस्तूल, परवाना, पोलिसांचं काम आणि त्यांचं स्वतःचं घर यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते त्यांना कुणी न सांगता तेवढ्या वेळात कळलं होतं. त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो संध्याकाळी आला आणि त्यांना म्हणाला, "इथे लोक बॉम्ब करतात म्हणून तूही करायला हवेत का?" सगळे खो खो हसले. वहिनीही हसल्या. मीसुद्धा हसलो.

त्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येईनासं झालं. आमच्यातल्या बायका त्यांना "कुकरवाल्या वहिनी" म्हणू लागल्या. मी ते काम करत राहिलो, मुलं शिकली, घर झालं. नव्वदच्या दशकात पिस्तूल परत करून आम्ही इंग्लंडला आलो आणि मित्र व वहिनीही इंग्लंडमध्येच, मिल्टन कीन्सला गेले. माझ्या संसाराचा पुढचा सगळा भाग त्या बाईच्या एका खोट्या वाक्यावर उभा आहे. मी तो कृतज्ञतेनेच जगलो, पण ती कृतज्ञता मनातच ठेवली.

एकदा पिनरला आमच्याकडे जेवण झाल्यावर मी धीर केला. "वहिनी, त्या दिवशीचं—"

त्यांनी उजवा कान माझ्याकडे वळवला, ऐकलं, आणि म्हणाल्या, "भावजी, कोणी मेलं नाही ना? मग झालं. ताक घेणार?"

मी ताक घेतलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते.

त्या गेल्या तेव्हा शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो आणि कुकरची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. त्यांचा नवरा माझा हात दाबून म्हणाला, "तिला आवडलं असतं रे."

तिथेच सांगायला हवं होतं. वहिनी, तुमचा कान माझ्यामुळे गेला. तुमच्या हातचा कुकर कधीच उडाला नाही. इतकी वर्षं लोक तुम्हाला हसत होते आणि मी त्यांच्यात बसून हसत होतो. मला माफ करा.