ओट्याखालची नाली

नवीन जागी काम सुरू करायचं असलं की मिस्त्री आधी तांब्याभर पाणी मागायचे. मालकाला वाटायचं, प्यायला मागत आहेत. ते तांब्या घेऊन उकिडवे बसायचे, पाणी जमिनीवर ओतायचे आणि ती ओली रेघ कुठं वळते, कुठं थांबते ते बघत राहायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "पहिले पानी कुठं जाते ते पाहू द्या. भिंतीचं मंग बोलू."

मिस्त्री गवंडी, बौद्ध वस्तीतले. काही घरांत तांब्या परत घेताना लोक जरा घुटमळायचे. मिस्त्री तेही बघायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाशिवाय त्यांची ओळख होत नाही, आणि काम संपलं की ती आपल्या बोलण्यातूनही जातात. माझी त्यांची ओळख दोनेक वर्षांचीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पांढुर्ण्यात शाळेवर चित्रकलेचा मास्तर होतो. तेव्हा गावातली जुन्या बाजाराची गल्ली मरायला टेकली होती. कापसाचा, संत्र्याचा व्यापार स्टेशनच्या बाजूला सरकला होता. गल्लीत पावसाळाभर घोटाभर पाणी साचायचं, कापडाच्या गठ्ठ्यांना ओल यायची. निम्म्या दुकानांना कुलपं लागली होती. उरलेल्या व्यापाऱ्यांनी समिती केली, गल्ली पुन्हा उभी करायची ठरवली, आणि नकाशा काढायला मला बोलावलं. टेपचं दुसरं टोक धरायला मिस्त्री होते.

माझा पहिला नकाशा त्यांनी उभ्याउभ्या पाहिला. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कागदावर गल्ली सीधी हाय. खरी गल्ली पोटुशी हाय."

मी वाद घातला. पुन्हा मोजलं. मधोमध गल्ली दीड वीत फुगलेली निघाली. मिस्त्री हसले नाहीत. फक्त कानावरची पेन्सिल काढून मला दिली.

समितीच्या बैठकीला बाहेरून एक इंजिनीयर आले होते. त्यांचं म्हणणं, दुकानांपुढचे सागवानी खांबांचे वऱ्हांडे काढून टाका, रस्ता रुंद करा, गिऱ्हाईक आपोआप येईल. सगळ्यांनी माना हलवल्या. दाराशी बसलेले मिस्त्री म्हणाले, "रस्ता रुंद केला त पानीही रुंद होईन, साहेब."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी समितीला गल्लीत नेलं, एका ठिकाणी माती उकरली आणि खालची दगडी नाली दाखवली. गल्लीच्या दोन्ही अंगांनी ती जाम नदीपर्यंत गेली होती. हळूहळू जो तो आपला ओटा पुढे सरकवत गेला, नाली ओट्यांखाली गेली आणि बुजली.

"खांब नाही तोडाचे," मिस्त्री म्हणाले. "ओटे दोन हात मांगं घ्याचे."

आता कुणी हसलं नाही. वऱ्हांडे तोडायला तयार झालेली तीच माणसं ओट्याचं नाव काढताच मागे सरली. वऱ्हांडा वाडवडिलांचा होता. ओटा ज्याचा त्यानं स्वतः वाढवलेला.

तरी काम सुरू झालं. आधी एका भांडीवाल्यानं ओटा मागे घेतला, मग शेजारच्यानं, मग एकमेकांकडे बघत बाकीच्यांनी. मिस्त्री चुन्यात बेलफळाचा गर कालवायचे. त्या वासानं माश्या अशा जमायच्या की गिऱ्हाइकाआधी गल्लीत त्याच परतल्या, असं लोक म्हणत. खांबांना अळशीचं तेल दिलं. काळी पडलेली लाकडं तांबूस दिसू लागली.

अडलं शेवटच्या दुकानापाशी. ते गावातलं सगळ्यात मोठं कापड दुकान, गल्लीच्या उताराच्या टोकाला. सगळ्या गल्लीचं पाणी त्यांच्याच ओट्याखालून नदीकडे जायचं होतं. म्हातारे शेठजी म्हणाले, "हा ओटा माझ्या वडिलांचा. याला पहार-सब्बल लागणार नाही."

समितीतल्या एकानं तोड काढली. "ओटा फोडायचं काम काय? माणूस सरपटत आत जाऊ शकतो. खालूनच साफ करून घेऊ."

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते टेप गुंडाळत होते. म्हणाले, "खालून नाही जानार मी."

"काहून?"

"या ओट्याचे दगड माह्या बापानं बसवले. बसवून झाले अन् मंग त्याले वर पाय ठेवता आला नाही. माही माय लुगडं घ्याले आली का खाली रस्त्यावर उभी राहे. वरून लुगडं फेकत. आता त्याच्याच खालून मी सरपटत नाही जात. काम करीन त वरून करीन."

आवाज चढलेला नव्हता. मापं सांगावीत तसं त्यांनी सांगितलं. शेठजी गल्ल्यावरच्या कपड्याची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. मिस्त्रींनी थापी-ओळंबा पिशवीत घातला आणि ते सावरगावच्या बाजूला, आपल्या घरी निघून गेले.

काम तिथंच थांबलं. आषाढ लागला. मोकळ्या झालेल्या नालीतून वरच्या सगळ्या दुकानांचं पाणी मोठ्या झोकात खाली यायचं आणि शेठजींच्या ओट्याला धडकून त्यांच्या उंबऱ्यावर चढायचं. गल्लीत लोक हळू आवाजात म्हणू लागले, मिस्त्रीनं बरोबर डाव साधला.

एका सकाळी मी शाळेत जाताना पाहिलं, तर मिस्त्री भर पावसात शेठजींच्या दारापुढे रेतीची पोती रचत होते. कुणी बोलावलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी मी थांबून विचारलं, "हे कशाला?"

"कापड भिजलं त शेठजी स्टेशनाकडं निंघून जाईन, गुरुजी. येवढं मोठं दुकान गेल्यावर कोन येईन या गल्लीत? बाकीच्याइनं ओटे फोडले ते काय वाया जाऊ द्याचे?"

"मग आत शिरून नाली मोकळी का करत नाही?"

त्यांनी पोतं खाली ठेवलं. "ते अलग हाय," म्हणाले आणि पुढचं पोतं उचललं.

शेठजी आतून हे ऐकत होते की नाही, मला माहीत नाही. त्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. पोती वाहून गेली, दुकानातले खालचे गठ्ठे भिजले. सकाळी शेठजी धोतर खोचून पाण्यात उभे होते. मिस्त्री पोचले तसे शेठजी म्हणाले, "सब्बल आण."

मिस्त्रींनी सब्बल आणली, पण चालवली नाही. शेठजींपुढे धरली. "पहिला दगड तुमी हालवा जी. तुमचा हाय."

शेठजी सत्तरीचे. त्यांनी जोर लावला. दगड हलला नाही. पुन्हा लावला. गल्ली बघत होती. मग मिस्त्रींनी मागून सब्बलीवर हात घातला. दोघांनी मिळून रेटली, दगड सुटला, खालून कुजका वास आला, आणि दुपारपर्यंत उंबऱ्यावरचं पाणी नदीकडे गेलं.

शेठजी म्हणाले, "मिस्त्री, वर या. बसा." ते एरवी मिस्त्रींना अरे-तुरे करत. त्या दिवशी 'या' म्हणाले, असं मला स्पष्ट ऐकू आलं. शेजारचा भांडीवाला म्हणतो, 'ये' म्हणाले.

मिस्त्रींनी ओट्याकडे पाहिलं. "आता त अर्धाच हाय जी. पुरा झाला का बसतो."

आठ दिवसांनी नवी कड बांधून झाली. मिस्त्रींनी हातपाय धुतले, ओट्यावर चढून बसले आणि चहा बशीत ओतून, फुंकर घालत, दोन कप प्यायले. शेठजी शेजारी बसून होते. मग मिस्त्री उतरून कामाला लागले.

दिवाळीपर्यंत चार-पाच कुलपं निघाली. पुढच्या वर्षी लग्नाच्या खरेदीला खेड्यांतल्या बाया पुन्हा जुन्या बाजारात येऊ लागल्या. जवळच्या सौंसर गावच्या व्यापाऱ्यांनी हे पाहिलं आणि मिस्त्रींना आपल्या गल्लीसाठी बोलावलं.

एकदा सकाळी बसस्टँडवर भेटले. "सौंसरले जाऊन राहिलो. तिथंही ओटेच हाय."

"आणि शेठ?"

"शेठ सगळीकडं सारखेच, गुरुजी. एका पावसाचं अंतर."

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि पाच दिवसांत ते गेले. मी तेव्हा परीक्षेच्या कामाला परगावी होतो. कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. त्यांच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही, काय बोलायचं ते सुचेना, आणि मग उशीर झाला.

उन्हाळ्यात शाळेच्या कामानं सौंसरला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून ती गल्ली पाहिली. अर्ध्या गल्लीपर्यंत नालीचे दगड एका ओळीत बसवलेले, सांधे बारीक, चुना अजून पांढरा. मग एका दुकानापुढे ओळ थांबते. शेवटचा दगड, आणि त्याच्यापुढे माती. त्या दगडावर एक बाई बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, हे काम कोण करत होतं?

"नाव नाही मालूम जी," ती म्हणाली. "पांढुर्ण्याहून येत होते कोनी. आता नाही येत."