पुढच्या वर्षीचा काळा रंग

मॉनिटर कधी घ्यावा, असं कुणी विचारलं की मेंगदादांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मरायच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी घ्याल तो सगळ्यांत चांगला नि सगळ्यांत स्वस्त." आणि मग स्वतःच खो खो हसायचे. सेऊलच्या आमच्या योंगसान इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हा विनोद सगळेच करतात. पण बाकीचे विनोद करतात आणि माल खपवतात. हा बाबा विनोद करायचा आणि गिऱ्हाईक घालवायचा.

माझं दुकान त्यांच्या शेजारी, दुसऱ्या मजल्यावर. मी वायरी, कीबोर्ड, माउस विकते, ते मॉनिटर विकायचे. मधे एक पत्र्याची भिंत, तीसुद्धा वरून उघडी. त्यामुळे त्यांचं एकेक भाकीत मला कानात बोळे घातले तरी ऐकू यायचं. दुपारी जेवणाच्या थाळ्या परत गेल्या की जिन्याच्या चौकात कागदी पेल्यातली कॉफी घेऊन चार दुकानदार जमायचे आणि मेंगदादा मधे उभे राहायचे. काखेत जपानी मासिक, चष्मा कपाळावर. "लिहून ठेवा, पुढच्या वर्षी बॅकलाइट, पडद्यामागचा दिवाच जाणार. पडद्याचा प्रत्येक ठिपका आपला आपण उजळणार. आणि विझला की विझला! काळा म्हणजे काळा!"

"गेल्या वर्षीपण हेच म्हणाला होतात," मी भिंतीपलीकडून ओरडायचे.

"शिमबाई, तुम्ही वायरी विका."

बाजारात तुरी, दुसरं काय! पण माणूस बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं, हेही खरं. आणि त्यांचं सगळ्यांत जास्त कुणी ऐकलं असेल तर त्यांच्या बायकोने. ग्योंग-नान वहिनींनी.

वहिनींचं काम निराळं होतं. आमच्याकडे म्हातारी माणसं शेवटच्या दिवसाचा फोटो आधीच करून ठेवतात. मयताच्या वेळी फुलांच्या मधोमध ठेवायला चांगला फोटो हवा ना. आधी करून ठेवला तर आयुष्य वाढतं असंही म्हणतात. ज्यांनी ठेवलेला नसतो त्यांची पोरं रडत रडत ओळखपत्रावरचा जुना, डागाळलेला फोटो घेऊन यायची. वहिनी तो घरच्या कॉम्प्युटरवर नीट करायच्या. डाग काढायच्या, विस्कटलेले केस बसवायच्या, मळक्या शर्टाच्या जागी आमचा सणासुदीचा पोशाख, चांगला हानबोक चढवायच्या. लोक म्हणायचे, जूरीच्या आईने आमची आई परत दिली. जूरी म्हणजे त्यांची मुलगी, ती लग्न होऊन बुसानला गेली.

हे सगळं वहिनी करायच्या जुन्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरवर. एवढं मोठं ते धूड, अर्धं टेबल खायचं. फुटबॉलचा वर्ल्ड कप आमच्याकडे झाला त्या वर्षी बाजारात चपट्या पडद्यांचा पूर आला. सगळ्यांच्या घरी चपटे मॉनिटर आले, आणि मॉनिटरवाल्याच्या घरात मात्र तेच डबडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"अहो, मला पण एक आणा ना," वहिनी म्हणायच्या. "डोळे चुरचुरतात माझे."

"आणणार, जूरीची आई. पण हे आत्ताचे नाही. यांच्यात काळा रंगच नाही, राख आहे राख! मेलेल्या माणसाचे केस तू राखेत रंगवणार? वर्षभर थांब. चांगला येतोय."

आता खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हाच्या चपट्या पडद्यावर काळा रंग करडाच दिसायचा, आणि मान जरा वाकडी केली की रंग बदलायचा. पण बरोबर असून माणूस किती चुकू शकतो, ते मी मेंगदादांकडून शिकले.

एकदा ते आमच्या बाजारातल्या चार जणांबरोबर जपानला प्रदर्शन बघायला गेले. आले ते भारावून. "शिमबाई, बघितला! काचेमागे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या लाखो बारीक बंदुका. पाटीसारखा चपटा, आणि अंधार दाखवला तर खरा अंधार! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो." त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मजल्याला कॉफी पाजली. घरी जाऊन वहिनींना सांगितलं, दीड वर्ष, फक्त दीड वर्ष.

दीड वर्षाची तीन झाली. कंपन्यांच्या आपसांत कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, कुणी म्हणे खर्च परवडत नाही, आणि तो मॉनिटर दुकानात कधी आलाच नाही. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून समोर असेल तो उचलून घरी नेला असता. मेंगदादा दोन दिवस चौकात फिरकले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मधे उभे. "बंदुका गेल्या तर जाऊ द्या. आता सेंद्रिय पडदा येतोय, ओएलईडी. फोनमध्ये आलाय, मॉनिटरमध्ये यायला कितीसा वेळ!"

इकडे नळी म्हातारी झाली. तिच्यावर पिवळट झाक चढली. वहिनींना फोटोतले चेहरे पिवळे दिसायचे, म्हणून त्या पिवळा रंग उतरवायच्या. छापून आलं की चेहरा निळा! एका बाईने तर फोटो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझी सासू थंडीने मेली नाही हो, तिला निळी का केलीत?" वहिनी त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन रडल्या. मग त्यांनी एक युक्ती काढली. काम झालं की फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकून त्या माझ्याकडे यायच्या आणि माझ्या बिलाच्या दीडदमडीच्या पडद्यावर तो चेहरा बघायच्या.

"अगं, निळा आहे का गं?"

"थोडा आहे, वहिनी."

मग परत घरी, परत थोडं करायचं, परत बस पकडून माझ्याकडे. गुडघे दुखायचे त्यांचे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझ्या गोदामातला, एका उधारीपोटी आलेला बरा चपटा मॉनिटर काढला, हातगाडीवर घातला आणि स्वतः त्यांच्या घरी नेऊन लावला. वहिनी लहान मुलीसारख्या हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मॉनिटर काखेत मारून मेंगदादा माझ्या दारात.

"शिमबाई, माझ्या घरात राख चालणार नाही. बाजार काय म्हणेल? मेंगच्या घरी हा?"

"बाजार गेला खड्ड्यात! बायको काय म्हणते ते ऐका ना!"

"ती म्हणाली, तुम्ही म्हणता तर थांबू."

तशी होतीच ती. मी नंतर तिला झाडलं, तर म्हणाली, "अगं, त्यांना सगळे हसतात. घरी मीपण हसले तर ते जातील कुठे?" मॉनिटर परत गोदामात गेला. वहिनींची कामं कमी होत होत बंद पडली.

साठावं लागलं तेव्हा वहिनींनी स्वतःचा फोटो करायला घेतला. जूरीने फुलांच्या बागेत काढला होता, त्यात त्या छान हसल्या होत्या. त्याच नळीवर बसून त्यांनी तो नीट केला. "आता मी शंभर वर्षं जगते बघ," मला म्हणाल्या. माझ्या पडद्यावर बघायला मात्र आणला नाही. स्वतःचा काय बघायचा, म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात पोटाचा कॅन्सर निघाला. पसरलेला. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं.

मेंगदादा चौकात यायचे बंद झाले. दुकान अर्धा दिवस उघडं, अर्धा दिवस बंद. मला वाटलं, गेले यांचे पडदे. पण नाही. गुपचूप ते फोन करत होते. टीव्ही स्टेशनवाल्यांसाठी सेंद्रिय पडद्याचे थोडे मॉनिटर निघाले होते, आपल्यासारख्यांच्या हातात न येणारे. कुणाकुणाचे पाय धरून त्यांनी त्यातला एक वापरलेला मिळवला. वहिनींनी हट्टाने स्वतःला हॉस्पिटलमधून घरी आणवून घेतलं होतं. मी लापशी घेऊन गेले, तर दादा गुडघ्यावर बसून खोक्याची चिकटपट्टी नखांनी सोडवत होते, शेवटी मीच कात्री चालवली.

मॉनिटर पलंगासमोर लावला. चालू केला, तर खोलीत काहीच उजळलं नाही. पडदा चालू आहे हेच कळेना, इतका काळा. मग मधोमध एक पांढरा ठिपका आला, नुसता ठिपका, आणि त्याच्या भोवती काळोख जसाच्या तसा. मी बाजारात आयुष्य काढलं, असा काळा रंग मी बघितला नव्हता. मेंगदादा ढसाढसा रडायला लागले. "आला गं, जूरीची आई. बघ, आला."

वहिनी खूप वेळ बघत राहिल्या. मग हसल्या. "तुमचंच म्हणणं ना, मरायच्या आदल्या दिवशी घ्यावा? अगदी वेळेवर आणलात."

हे त्यांनी टोमण्याने म्हटलं नाही हो. लाडाने म्हटलं. म्हणून तर जास्त लागलं. मी लापशीचं भांडं उचलून स्वयंपाकघरात गेले.

परत आले तर पडद्यावर वहिनींचा तो फोटो होता. केस खरे काळे, एकेक बट वेगळी. चेहरा निळा.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "मी पण निळीच की! अहो, चेहऱ्यावर जरा ऊब आणा. तो खालचा रंगाचा दांडा, तांबड्याकडे सरकवा. हळू. एवढा नाही."

दादांना त्यातलं काही येत नव्हतं. पडदे विकायचे, त्यांच्यावर चेहरे कधी केले नव्हते. एकदा लालभडक झाला, एकदा हळदीसारखा. वहिनींना बोलताना धाप लागली.

"दमलीस तू," मेंगदादा म्हणाले. "राहू दे आता. उद्या करू."

वहिनींनी मान हलवली, बरं म्हणाल्या. पहाटे गेल्या.

हॉस्पिटलच्या मयताच्या दालनात पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध तो फोटो ठेवला होता. काळी फीत लावलेला, निळा. फोटो छापायला दिला जूरीने, तिच्याकडे जी फाइल होती तीच दिली. तिला बिचारीला काय माहीत! सगळ्या बाजारातली माणसं आली, दोनदा वाकून नमस्कार करून तिखट सूप प्यायला बसली. कुणाला काही दिसलं नाही. मी फोटोसमोर वाकले आणि उठले तेव्हा कडेला शोकाच्या कपड्यात उभ्या असलेल्या मेंगदादांकडे बघितलं. ते फोटोकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

नंतर त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. चौकात कुणी विचारलं, पुढच्या वर्षी काय येतंय, तर म्हणायचे, माहीत नाही बुवा. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं.

परवा त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, चाळिशीतला गृहस्थ. मॉनिटर पसंत केला, मग चुळबुळ करायला लागला. "म्हटलं, थोडं थांबावं का? तुम्हीच मला मागे म्हणाला होतात, मरायच्या आदल्या..."

मी भिंतीपलीकडे वायर गुंडाळता गुंडाळता थांबले.

"कुणासाठी घेताय?" मेंगदादांनी विचारलं.

"बायकोसाठी."

"घरी आहे ती?"

"आहे की. का?"

"मग आजच न्या." आणि खोकं स्वतः उचलून खाली त्याच्या गाडीपर्यंत पोचवून आले.

वर आले ते आपल्या दुकानात न जाता माझ्या दारात उभे राहिले. "शिमबाई, जरा येता?"

गेले. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा, तो टीव्ही स्टेशनवाला मॉनिटर लावलेला होता. त्यावर वहिनी. हात माउसवर ठेवून ते तो खालचा दांडा जरा इकडे, जरा तिकडे करत होते. माउसची झिजून गुळगुळीत झालेली पाठ बघून मला कळलं की हे आजचं नाही, रोजचं आहे.

"काळा बरोबर आहे," ते म्हणाले. "चेहराच जमत नाही. शिमबाई, तिचा रंग कसा होता हो? मला आठवत नाही. एवढी वर्षं समोर होती आणि मला आठवत नाही."

माझ्या ओठांवर आलं होतं, की बघितलं असतंत तर आठवलं असतं. मी गिळलं ते. स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

"गहूवर्णी होती," मी म्हटलं. "आणि हसली की गाल तांबूस व्हायचे. सरकवा. हळू. एवढा नाही, दादा, एवढा नाही."