हालू नका म्हणणारी पंचफुला

पंचफुला चौरंगावर उभी राहायची, आणि उभी म्हणजे कशी? पापणी हलेल तर शपथ! पुलगावच्या बाजारात मोतीलाल सेठचं कापडाचं दुकान, दुकानासमोर लाकडी चौरंग, त्यावर कोरं लुगडं नेसलेली ही एकोणीस वर्षांची पोर, आणि खाली ही गर्दी! आज या कामाला मॉडेल म्हणतात. १९५१ साली पुलगावात त्याला काहीच म्हणत नसत, फक्त नाकं मुरडत.

नाक मुरडण्यात सगळ्यांत पुढे तिची सख्खी माय. बाप रामाजी गिरणीत मागावर होता, तो बिचारा या भानगडीत पडायचा नाही. कमलाबाई मात्र रोज सुनावायची, "लोकाईले तोंड दाखवाले जलम देल्ला का वं तुले?" सेठनं पंचफुलाचा फोटो घालून कॅलेंडर छापलं, ते घरोघर लागलं. कमलाबाईनं आपल्या घरातलं भिंतीकडे तोंड करून टांगलं. तारीख पाहायची झाली की ती शेजारी जायची.

फोटो काढायला वर्ध्याहून प्रभाकरराव यायचे. तिपाईवरचा जुना कॅमेरा, डोक्यावर काळं फडकं आणि एकच हुकूम, "हालू नका, श्वास धरा!" जरा हललं की चेहरा पुसला जायचा. सहा वर्षं पंचफुलानं तो हुकूम पाळला. पण जीव सगळा त्या फडक्याच्या आत. हे काऊन, ते कसं, असं विचारून विचारून तिनं त्यांचं डोकं खाल्लं आणि भिंग, उजेड, अंतर सगळं शिकून घेतलं.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात सेठनं सिनेमाचा कॅमेरा आणला. किल्ली पिळायची, खटका दाबायचा, की सुरू घर्रर्र! नदीपलीकडच्या तळेगावात टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता. तिथं मध्यंतराला आपल्या लुगड्यांचा सिनेमा दाखवायचा, असा सेठचा बेत. आणि नेमके प्रभाकरराव हिवतापानं आडवे! पंचफुला तडक सेठच्या गादीपाशी गेली.

"सेठजी, मी काढते."

"तू? रीळ एकच आहे, बाई. बिघडली तो?"

"बिघडली तर जलमभर चौरंगावर उभी राहीन. जमली तर पुढचे सारे सिनेमे माहे."

सेठनं कॅमेरा तिच्या हातात दिला. मग काय विचारता! पोरगी वाऱ्यासारखी घरी आली. वस्तीतल्या पाच बायांना तिनं नवी लुगडी नेसवून नदीवर उभं केलं. कमलाबाई म्हणाली, "मी नाई येत त्या तमाशात," आणि धुण्याची टोपली घेऊन त्यांच्याच मागे पाण्यावर जाऊन बसली.

पंचफुलानं किल्ली पिळली, भिंगाला डोळा लावला आणि सहा वर्षांच्या सवयीनं ओरडली, "हालू नका, श्वास धरा!" बाया थिजल्या. पुन्हा किल्ली, दुसरी लुगडी, पुन्हा तोच हुकूम. रीळ संपेपर्यंत बिचाऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. पंचफुला जाम खूष होती.

रीळ मुंबईहून धुऊन आली ती ऐन खेळाच्या दिवशी. सेठच्या ट्रकमधून पाचही बाया तळेगावला निघाल्या, त्यांनी कमलाबाईलाही हात धरून चढवलं. मध्यंतर झालं, पडद्यावर उजेड पडला. पाच बाया उभ्या. उभ्याच!

"अबे, हे हालत काऊन नाई?" मागून कुणीतरी ओरडलं. "मशीन अटकली का बे?"

सगळा तंबू हसायला लागला. पंचफुलानं जीभ चावली. माय वं! सिनेमा तर हलणाऱ्याचाच असतो, हे आपल्या टाळक्यात कसं नाही आलं? सेठ कपाळाला हात लावून बसला होता. तिला पुन्हा तो चौरंग दिसायला लागला.

आणि तेवढ्यात पडद्यावर बायांच्या मागे काहीतरी हललं. कमलाबाई! मागल्या साली दसऱ्याला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना नेसलेलं पांढरंशुभ्र लुगडं ती वाळू घालत होती. वारा आला, लुगडं फुगलं, तिच्या हातातून सुटलं. कमलाबाई धावली. लुगडं पुढे, ती मागे! पदर खोचून तिनं झेप घेतली, लुगडं छातीशी धरलं आणि एकटीच खदखदून हसली. अख्खा तंबू उठून टाळ्या वाजवायला लागला. "पुन्हा लावा! पुन्हा लावा!"

सेठ पंचफुलापाशी आला. "वो सफेद लुगडं, अपनी दुकान का है?"

"तुमच्याच दुकानातलं, सेठजी. मागल्या साली पूर्ण वस्तीनं नेलं होतं."

"तो मग पुढचे सारे सिनेमे तुझे."

रीळ तीनदा लावली. तिन्ही वेळा कमलाबाई तोंडावर पदर धरून बसली होती, पण डोळे पदराबाहेर होते. ट्रकमध्ये परतताना पंचफुला धास्तावलीच होती, आता माय काय काय सुनावते म्हणून. नदीचा पूल आला. कमलाबाई लेकीला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "काय वं, पुढच्या खेपेले मी कोनतं लुगडं नेसू?"