पेल्यातला लाल गाळ

पेल्याच्या तळाशी लाल गाळ बसलाय. मघापासून मी त्याच्याकडे बघतेय. मांडीवर राणीसाहेबांचं चरित्र उघडं पडलंय.

आमचं संस्थान गेलं, तशा राणीसाहेब निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि आमदार झाल्या. पुढे गाव त्यांना विसरलं. नातीने वाचनालयातून हे पुस्तक आणलं, तेव्हा कळलं, की डोंगरावरच्या खाणीविरुद्ध बाई विधानसभेत एकट्या भांडल्या होत्या. "झऱ्याला माती आली, की डोंगर सुटला समजा," असं त्या सभेसभेतून बजावायच्या.

ते वाक्य मला पाठ आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी त्यांची नक्कल केली होती ना! डोक्यावरून पदर, गळ्यात खोटे मोती, थरथरतं बोट आणि "डोंगर सुटला हो!" काय ती माझी अक्कल! पहिलं बक्षीस म्हणून हाच स्टीलचा पेला मिळाला, तोही त्यांच्याच हातून. "आवाज छान लावलास, मुली," त्या म्हणाल्या. "वाक्य मात्र विसरू नकोस."

मी कसली विसरतेय! घरी पाहुणे आले, की अजून करून दाखवते.

खाणीने अर्धा डोंगर खाल्ला. उरलेल्याच्या पायथ्याशी आमचं घर आहे. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही.

"आजी, झऱ्याचं पाणी कालपासून असंच येतंय गं," नात म्हणाली.

मी उठले. बोट थरथरत होतं. "शेजारच्यांना हाक मार. डोंगर सुटला!"

ती खो खो हसत सुटली. "आजी, आज तर अगदी हुबेहूब!"