आधी सुई
स्पिरिटचा वास आला की आलापल्लीचा कोरोना वॉर्ड आठवतो. मी तिथे नर्स होते. एका तरुणाला श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "विषाणूपेक्षा याच्याच शरीरातल्या लढाऊ पेशी आता फुफ्फुसं फाडताहेत. त्यांना आवरायला स्टेरॉइड द्या." "अंगातली ताकद मारायची सुई काऊन देऊन राह्यले?" असं ओरडत त्याच्या भावाने सलाइनचा लोखंडी स्टँड डॉक्टरांच्या डोक्यात घातला. डॉक्टरांच्या तोंडावरची फेसशील्ड फुटली, रक्त डोळ्यांत उतरलं. वॉर्डबॉयने भावाला जमिनीवर दाबून धरलं. "सिस्टर, आधी सुई," डॉक्टर म्हणाले. मी ती दिली. तरुण वाचला. डॉक्टरांचे टाके पाहून त्याने विचारलं, "साहेब, काय झालं?" डॉक्टर म्हणाले, "स्टँड पडला." खाटेशी उभा असलेला भाऊ हमसून हमसून रडला. आजही कुणी आमच्यावर हात उगारला, की मला ते रडणं ऐकू येतं.