काळीतला प्लॉट

मी बारावीला जाईपर्यंत आम्ही सहा खोल्या बदलल्या. खोल्या म्हणजे दुसऱ्यांच्या मळ्यातल्या. नाना, माझे वडील, घाटघरहून खाली उतरले ते बागाईतात सालानं काम करायला. मालक राहायला जी जागा देईल ते आमचं घर. कधी मोटारीच्या खोलीला लागून पत्र्याचं शेड, कधी कांद्याच्या चाळीचा एक कप्पा. नारायणगावाकडच्या एका द्राक्षबागेत तर आम्ही औषधांच्या खोलीत राहिलो. मधे जुन्या साडीचा पडदा, पडद्यापलीकडे फवारणीचे डबे. माझ्या वह्यांना वर्षभर तो वास होता. शाळेतल्या बाईंनी एकदा वही नाकाशी धरून विचारलं, "ही कुठं ठेवतेस गं?" मी "कपाटात" म्हणाले. आमच्याकडे कपाट नव्हतं.

मालकाचं आणि नानांचं बिनसलं, किंवा मालकानं बागच तोडली, की आठ दिवसांत खोली सोडायची. त्यामुळे आईनं कुठंच कधी झाड लावलं नाही. मेथी, कोथिंबीर, फार तर मिरची. दोन-तीन महिन्यांत खाऊन होईल तेवढंच. एकीनं तिला कढीपत्त्याचं रोप दिलं तर तिनं ते मालकिणीच्या दारात नेऊन ठेवलं. म्हणाली, "ह्याला तीन वरसं लागत्यात. तीन वरसं कुनी ऱ्हाऊ देतंय व्हय?"

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. भूगोल घेऊन बी.ए. केलं आणि मंचरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. नोकरी कायम झाली त्याच वर्षी आम्ही राहत होतो त्या मळ्याच्या मालकानं बाग काढायचं ठरवलं. माणूस भला होता. म्हणाला, "दिवाळीपर्यंत राहा, घाई नाही." पण दिवाळीनंतर खोली पाडणार हे नक्की होतं. नाना साठीला आलेले. या वयात सालानं कोण ठेवणार, आणि खोली कोण देणार? मी ठरवलं, आता सातवी खोली नाही. जागा घ्यायची आणि घर बांधायचं. दिवाळीच्या आत.

आत्या म्हणाली, "पोरीच्या पैशानं जागा? उद्या लगीन झालं की जावई म्हनंल माझीच हाय."

नाना म्हणाले, "म्हनू दे की. आधी जावई तर यिऊ दे."

मंचर गावात जागा घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण गावाच्या बाहेर, हायवे सोडून आत दोन किलोमीटरवर, एका शेताचे एन.ए. प्लॉट पाडले होते. पत्रकावर झाडं, बाग, दिव्यांचे खांब, सायकल चालवणारी गोरी मुलं. प्रत्यक्षात फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि एक पाण्याची टाकी, तीही रिकामी. एजंट गाडीतून उतरला, नानांना "या पावणं" म्हणाला आणि आम्हाला दोन प्लॉट दाखवले. दोन्ही दीड गुंठ्याचे, भाव एकच. पहिला चढावर, कोपऱ्याचा. तिथं पायाखाली मुरूम करकरत होता, कुसळी गवत सोडून काही उगवलेलं नव्हतं. दुसरा खाली, ओढ्याच्या अंगाला. काळीभोर जमीन. एप्रिल महिना होता, आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

नाना चढावर थांबलेच नाहीत. खाली जाऊन उकिडवे बसले, ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, वास घेतला. घाटघरची माती तांबडी आणि पातळ. दर पावसाळ्यात अर्धी वाहून जाते, खाली कातळ दिसतो. त्या मातीनंच नानांना खाली पाठवलं होतं. पुढं चाळीस वर्षं त्यांनी काळी जमीन कसली, पण वीतभरही स्वतःची नाही. त्यांनी भेगेत मनगटापर्यंत हात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लई पोटाची जमीन हाय. हितं कायबी टाक, उगवंल."

एजंट जरा गोंधळला. "कोपऱ्याचा सोडता, नाना? लोक कोपऱ्यासाठी भांडतात."

"त्या खडकाळात काय करायचं, राव? शेरडं चारायची?"

मी हसले आणि याच प्लॉटवर बोट ठेवलं. मी, भूगोलाची बी.ए. काळी मृदा पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. चांगले मार्क मिळाले होते. पण ते कापसाबद्दल होतं. घराबद्दल आहे हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

खरेदीखत झालं. मी दोघांचीही नावं लावली, नानांचं आणि आईचं. आईनं अंगठा नाही, सही केली. त्यासाठी ती महिनाभर जुन्या पेपरच्या कडेला स्वतःचं नाव गिरवत होती.

मे महिन्यात मिस्त्री आला. त्यानं पहार उभी धरून जमिनीत मारली. पहार सहज आत गेली. त्यानं ती काढली, दोन पावलं सरकून पुन्हा मारली. मग माझ्याकडे वळला.

"ताई, जागा कुनी पसंत केली?"

"का?"

"हे वावर हाय, प्लॉट न्हाई. काळीत पाया घातला तर दोन पावसाळ्यांत भिंतीतनं आरपार दिसंल. वरचा कोपरा रिकामा व्हता की तवा."

नाना शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "मी केली." पण मिस्त्रीनं नानांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तोही शेतकऱ्याचाच मुलगा. तो पहारेची माती पुसत राहिला. वरचा कोपरा तोवर एका किराणा दुकानदारानं घेतला होता.

त्या दिवसापासून नाना गप्प झाले. जेवताना मान खाली. आईनं चिडवून बघितलं, "जमीन बघायला गेलं आन् घर इसरून आलं," तरी हसले नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "दे टाकून. जे ईल ते घे. आमी दोघं घाटघरला जातू."

घाटघरला आमचं काय होतं? चुलत्याच्या घरात एक पडवी. मी म्हणाले, "नाना, प्लॉटवर बोट मीच ठेवलं होतं." ते उठून बाहेर गेले.

मी मिस्त्रीला विचारलं, यावर उपाय काय? तो म्हणाला, "खाली मुरूम लागंपर्यंत खांदायचं, तिथनं कॉलम उचलायचं, आन् आत मुरमाची भर. होतंय. पन मग तेवढ्याच पैशात तीन खोल्या होनार न्हाईत."

"किती होतील?"

"दोन. त्याबी बेताच्या."

"दोन कर," मी म्हणाले. तिसरी खोली माझी असणार होती. टेबल कुठं ठेवायचं तेही मी ठरवलं होतं.

जेसीबी आला. पुरुषभर खोल गेलं तरी काळीच. मिस्त्री मान हलवत होता. नाना लांब, ओढ्याच्या कडेला, पाठ करून बसले होते. अखेर खणण्याचा आवाज बदलला, दातांखाली करकर आली, आणि मिस्त्री ओरडला, "लागला!" आई जागेवरूनच खाली वाकून बघायला लागली. मुरूम पिवळसर होता. मला त्या वेळी तो फार देखणा वाटला.

वर मातीचा ढीग माणसापेक्षा उंच झाला होता. जेसीबीवाल्यानं विचारलं, "ताई, माती कुठं टाकू? नर्सरीवाला आत्ता घिऊन जाईल."

तेव्हा नाना उठून आले. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा निघाला. "मातीला हात लावायचा न्हाई. मागच्या अंगाला टाक. सगळी."

सगळी माती मागं गेली. तिसरी खोली होणार होती त्या जागेवर.

दिवाळीला चार दिवस असताना आम्ही राहायला आलो. रंग नव्हता, मागच्या खिडकीला पोतं बांधलं होतं. नानाही आले. पण पहिला महिनाभर ते घरात पाहुण्यासारखे वागले. भिंतीजवळ उभे राहून तडा शोधायचे, बोटानं प्लास्टर चाचपायचे.

अशा वस्तीत राहणं काय असतं ते राहिल्यावर कळतं. हे गाव नाही आणि शहरही नाही. रिक्षावाला हायवेलाच उतरवतो. पार्सलवाला फोन करून "लोकेशन टाका" म्हणतो, लोकेशन टाकलं की पलीकडच्या उसात उभा राहून पुन्हा फोन करतो. पत्ता विचारला तर "टाकीच्या मागं". टँकर आला की सगळ्यांची ओळख होते, गेला की दारं बंद. भाजीचा टेम्पो एक दिवसाआड येतो. पहिल्या दिवशी कोथिंबिरीची जुडी विकत घेताना आई टेम्पोवाल्याशी एवढी भांडली की मी आत जाऊन बसले. "आमी ही फुकट उपटून देत व्हतो लोकांस्नी," ती मला नंतर म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

डिसेंबरात वरच्या कोपऱ्यावरच्या काकू आल्या, किराणा दुकानवाल्यांच्या. त्यांचे पणजे राजस्थानातून आलेले, पण काकूंचं मराठी माझ्यापेक्षा ठसक्याचं. हातात रंगाची रिकामी बादली. दारातूनच म्हणाल्या, "नाना, बादलीभर माती द्याल का? तुळस तिसऱ्यांदा जळाली. आमच्याकडं नुसती खडी हो! एजंट म्हणाला होता कोपरा घ्या, सोनं आहे. सोन्यात तुळस येत नाही!"

नाना उठले. मागं गेले. ढेकळं हातानं फोडली, त्यात शेणखत मिसळलं, बादली शिगोशीग भरली आणि स्वतः चढावर पोचवून आले. येताना चेहरा वेगळाच होता. "तिथं बादलीभरानं काय हुनार न्हाई," आईला म्हणाले, "चार तरी लागत्याल."

मग एकेक जण यायला लागला. कुणाला गुलाबाला, कुणाला वांग्याला, कुणाला कुंड्यांना. नाना कुणाकडून काही घेत नव्हते. मात्र माती कशी घालायची, पाणी किती द्यायचं, हे ऐकूनच जावं लागायचं. "टाकीच्या मागं" हा पत्ता बदलला. लोक पार्सलवाल्याला "मातीवाल्या नानांच्या अलीकडं" सांगायला लागले. आई म्हणायची, "जल्मभर लोकांच्या वावरात राबलं, आन् आता लोकांस्नी वावर वाटत बसल्यात."

"तू गप. तुलाच वाटा ऱ्हायचा न्हाई," नाना म्हणायचे.

पण वाटा राहिला. ढीग उतरला तरी मागच्या अंगाला गुडघाभर जाडीची काळी पसरलेली आहे. तिथं मेथी आहे, वांगी आहेत, आणि पाण्याच्या नळाजवळ आईनं स्वतःच्या हातानं लावलेला कढीपत्ता आहे. काकूंनीच आणून दिलेला. या वेळी तो तिनं कुणाच्या दारात नेऊन ठेवला नाही. माझं टेबल बाहेरच्या खोलीत, खिडकीशी आहे. तिथूनच हे लिहिते आहे.

राहायला आल्यापासून तीन पावसाळे झाले. भिंतीला तडा नाही. दीड गुंठा जागा आहे, त्यावर दोन खोल्या आहेत, उताऱ्यावर माझ्या आईवडिलांची नावं आहेत. आम्हाला खोली सोडा म्हणणारं आता कुणी नाही.